आप्पांचा टोमॅटो आणि बाईंची दाढ

दाताच्या दवाखान्यामागे डॉक्टरांची परसबाग होती. दोन खाटा शेजारी टाकल्या तर तिसरीला जागा नाही, एवढीच. पण तिच्यात टोमॅटोच्या एकोणीस जाती नांदत होत्या. पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, द्राक्षाएवढे, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढे, आणि एक जात तर पिकूनही हिरवीच राहणारी, त्यामुळे ती पिकली की नाही यावरून नवराबायकोत अबोला व्हायचा. झाडं बांधली होती दात साफ करायच्या दोऱ्यानं. कवळीच्या साच्याचं प्लास्टर ओतून प्रत्येक जातीची पाटी केली होती. पानाखाली कीड आहे का, हे डॉक्टर तोंडात घालायच्या छोट्या आरशानं बघत. तो आरसा वेगळा ठेवलाय, असं ते शपथेवर सांगत. वेड असावं तर असं!

एका पाटीवर नुसतं 'आप्पा' लिहिलेलं होतं. काळपट लाल रंगाची ही जात डॉक्टरांच्या वडिलांनी जन्मभर जपली. आप्पा गेले तेव्हा डबीत तीन बिया उरल्या होत्या. एक रुजलीच नाही, दुसरीचं रोप गोगलगायीनं खाल्लं, तिसरीचं झाड झालं आणि त्याला मोजून एक टोमॅटो धरला. बियाण्यासाठी तो झाडावरच पार मऊ पडेपर्यंत राखायचा होता. डॉक्टर रोज सकाळी त्याला बोटानं हलकेच दाबत आणि "अजून दोन दिवस" म्हणत.

नेमक्या त्याच दोन दिवसांत शाळेतल्या बाई दाढ दाखवायला आल्या. त्यांनी डॉक्टरांना पाचवीपासून विज्ञान शिकवलं होतं. डॉक्टरांनी पन्नाशी गाठली, पण बाईंसमोर ते मनानं अजून दुसऱ्या बाकावरच बसत. नंबर लागायला वेळ होता, म्हणून बाई जरा मागे चक्कर मारून आल्या आणि मग खुर्चीत बसून त्यांनी 'आ' केला.

डॉक्टरांनी दिवा वळवला. दाढेवर काळपट लाल साल चिकटली होती.

"बाई, आता काही खाल्लंत का?"

"अरे, तुझ्या त्या झाडावर एक टोमॅटो होता. अगदी लिबलिबीत झालेला. म्हटलं, उद्या सडून जाणार, अन्न वाया का घालवा? पण काय चव होती रे! असा टोमॅटो मी जन्मात खाल्ला नाही."

डॉक्टरांना एकाच वेळी अभिमान वाटला आणि रडूही आलं. "कुठे खाल्लात? कसा खाल्लात?" त्यांनी विचारलं खरं, पण तोवर आरसा, सळई आणि दोन बोटं बाईंच्या तोंडात पोचली होती. पेशंटचं तोंड भरलं की प्रश्न विचारायचे, ही त्यांची जुनी खोड.

"आ... आआ... अआआ," बाई हातानं परसाकडे दाखवू लागल्या.

"हलू नका, बाई! फटीत बी दिसतेय!"

बायको त्यांची मदतनीस. ती थुंकी ओढायची नळी घेऊन सवयीनं पुढे झाली.

"बंद कर ती नळी! गुळणीचा पेला लांब ने! बाई, काही गिळायचं नाही! आली, आली... निसटली! थांबा, पार मुळापर्यंत जातो!"

बाहेर चार पेशंट बसले होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आपापलं दुखणं थांबल्याचं जाहीर केलं आणि चपला हातात घेऊन निघून गेले.

अखेर दोन बिया मिळाल्या. एक सळईखाली चिरडली. दुसरी डॉक्टरांनी ओल्या कापसात, कवळीच्या डबीत ठेवली. मग त्यांनी दाढ भरली. "आता तासभर तोंड उघडायचं नाही. महिन्यानं दाखवायला या." बाईंना काहीतरी सांगायचं होतं, पण नियम म्हणजे नियम. ओठ घट्ट मिटून त्या घरी गेल्या.

दहाव्या दिवशी बीला मोड आला. डॉक्टरांनी "आप्पा आले!" म्हणत तो दवाखानाभर दाखवला. रोपाला कुंडी मिळाली, सकाळचं ऊन मिळालं, रात्री पांघरायला काचेचा पेला मिळाला. "अहो, मला हे रोप काही वेगळंच वाटतंय," असं बायको एकदा म्हणाली, तर डॉक्टर तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत. गेले चार दिवस त्यांनाही शंका येत होती, पण ती ते स्वतःलासुद्धा सांगत नव्हते.

महिन्यानं, ठरल्या दिवशी बाई आल्या. त्यांनी चष्मा लावला, पान चोळलं आणि हुंगलं.

"टोमॅटोचं पान कातरलेलं असतं, चोळलं की हाताला वास राहतो. पाचवीत शिकवलं होतं. ही मिरची आहे."

"मिरची?"

"त्या दिवशी सकाळी पिकलेली मिरची चावली होती मी. म्हणून तर दाढ ठणकली."

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत मटकन बसले. "संपलं, बाई. आप्पांचं एवढंच उरलं होतं माझ्याकडे."

"संपलं कसं? बाकीच्या बिया नळापाशी असतील की. साडीला डाग नको म्हणून मी नळाजवळ वाकून खाल्ला. अर्धा तर खालीच सांडला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगत होते. तुझा हात माझ्या तोंडात होता."

डॉक्टर धावत नळापाशी गेले. तिथली जमीन साफ होती. असणारच, कारण गेल्याच रविवारी तिथे उगवलेली रोपं बघून ते बायकोला म्हणाले होते, "कुठल्या जातीची आहेत कोण जाणे. उपटून टाक."

"टाकलीस?" त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"जिवंत रोपं टाकवतात का कुणाला? गुळणीच्या पेल्यांत लावली आणि आल्यागेल्या पेशंटला एकेक दिली. ते पळालेले चौघेही घेऊन गेले. चौदा घरी लागलीत. पंधरावं स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तुम्हाला दाखवणार होते, पण त्या दिवशी तुम्ही अबोला धरला होतात."

बायकोनं खिडकीतला पेला आणून त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी पान चोळलं. संध्याकाळी परसातून आत आलेल्या आप्पांच्या हातांना हाच वास यायचा. ज्या एका टोमॅटोला ते जिवापाड राखत होते, तो आता पंधरा ठिकाणी वाढत होता, आणि त्यात त्यांचा हात फक्त उपटायला सांगण्यापुरता होता. त्यांनी बायकोकडे असं बघितलं, की बाईंनी मान वळवून मिरचीचं निरीक्षण सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी पळालेल्या चौघांपैकी एक खुर्चीत बसला. डॉक्टरांनी आरसा आणि दोन बोटं त्याच्या तोंडात घातली. "काय, रोप कसं आहे?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी हात बाहेर काढला, स्टूल ओढून घेतलं आणि उत्तराची वाट बघत बसले.