भिकूकाकांचं ओके

आमच्या घरातला गॅसचा सिलिंडर, स्कूटरचं पुढचं चाक आणि परसातल्या विहिरीचा रहाट, या सगळ्यांवर पांढऱ्या खडूने 'ओके' लिहिलेलं आहे. ते आम्ही लिहिलेलं नाही, आणि लिहा म्हणून कुणाला सांगितलेलंही नाही. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलच्या मडगार्डवरही तेच असतं. पावसात पुसलं गेलं तर तो भिकूकाकांच्या दारात सायकल उभी करून पों पों करत राहतो.

भिकूकाका आमचे शेजारी. मूळचे सिंधुदुर्गातले, दोडामार्गाकडचे. खाणीवर कामाला म्हणून तरुणपणी गोव्यात आमोण्याला आले आणि इथलेच झाले. खाणीच्या गॅरेजात त्यांचं काम एकच होतं. खेपेला निघालेल्या प्रत्येक ट्रकचे ब्रेक, टायर आणि दिवे बघायचे आणि सगळं ठीक असलं तर बंपरवर खडूने ओके लिहायचं. ते लिहिल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नसे. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक लोकांच्या अंगणांत गंजत उभे राहिले, पण काकांच्या खिशातला खडू काही सुटला नाही. ट्रक मिळेनात तेव्हा ते आमच्याकडे वळले.

चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, भोपळे, सुपारीचे घोस, रानातली फळं असा सगळा बाजार लटकवायचा. एवढं ओझं देवाच्या डोक्यावर पडू नये म्हणून काका आदल्या दिवशी घरोघरी जातात, रिकाम्या चौकटीला दोन्ही हातांनी धरतात, पाय वर घेतात, डोळे मिटतात आणि लोंबकळतात. चौकट टिकली की कडेला ओके. एकदा आमची चौकट टिकली, पण काकांच्या लेंग्याची नाडी टिकली नाही. त्यांनी एका हाताने लेंगा धरला आणि दुसऱ्या हाताने ओके लिहिलं. माझी सासू चार दिवस देवासमोर हसू दाबत बसली होती.

माझ्या नणंदेला बघायला पेडण्याहून मंडळी आली होती, तेव्हा तर कहरच झाला. आत पोहे चालले होते आणि बाहेर काका त्यांच्या गाडीखाली. मंडळी परतीला निघाली तर तीन चाकांवर ओके आणि चौथं कोरं. नवऱ्यामुलाच्या वडिलांचा म्हापशाहून फोन आला. मुलगी पसंत आहे हे सांगायला नव्हे, चौथ्या चाकात काय खोट आहे ते विचारायला. त्यांनी म्हणे गॅरेजात चाक काढून बघितलं होतं. मी धावत काकांकडे गेले. ते म्हणाले, चौथ्याक खडू संपलो.

लग्न झालं बाई तिथेच, नशीब.

मग वाड्याचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि काकांच्या हातातही मोबाईल आला. फोनवरही ते एकच शब्द लिहीत. सासूबाईंना म्हापशाच्या हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा आमच्या ह्यांनी ग्रुपवर कळवलं. सगळ्यांचे हात जोडून झाले, फुलं झाली, 'लवकर बरे व्हा' झालं. काकांचं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकच शब्द आला, ओके. ह्यांचं डोकंच फिरलं. माझी आई आजारी आहे आणि हा माणूस ओके म्हणतो, असं ते घरभर म्हणत फिरत होते.

आम्ही हॉस्पिटलात गेलो तर सासूबाई आधीच खुशीत. भिकू येऊन गेला म्हणाल्या. त्याने खाटेचे पाय हलवून बघितले, सलाईनचा स्टँड बघितला, नर्सला दोन प्रश्न विचारले आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली, असं त्या सांगत होत्या. आमोण्याहून दोन बस बदलून गेले होते काका. ग्रुपवर हात जोडणाऱ्यांपैकी अजून कुणी फिरकलं नव्हतं, आणि त्यांत माझी सख्खी जाऊही होती.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलंच.

"बघल्याशिवाय ओके लिवचा नाय," ते म्हणाले. "लिवलंय म्हणजे मी बघलंय."

तेव्हापासून वाड्यातले लोक त्यांच्या त्या एका शब्दाची वाट बघायला लागले. फक्त एका माणसाला तो मिळत नव्हता, आणि ती त्यांची स्वतःची मुलगी.

दीपा इंग्लंडात नर्स आहे. आई लवकर गेली, काकांनीच तिला वाढवलं. तिने तिकडे स्वतःच्या कमाईवर छोटंसं घर घेतलं आणि बापाला फोटो पाठवले. स्वयंपाकघर, जिना, मागचं अंगण, सगळं. काका दिवसभर फोटो बघत, आल्यागेल्याला दाखवत, पण उत्तर लिहीत नसत. शेवटी तिने मला फोन केला.

"वैनी, बाबांका घर पसंत नाय काय गो?" तिचा आवाज रडवेला होता. "पोदेराच्या सायकलीक ओके लिवतत, माका लिवक काय जाता?"

मला काकांचा भयंकर राग आला. तशीच उठून गेले आणि सुनावलं. ते म्हणाले, फोटोत जिन्याचो कठडो हलवूक येता काय? मी म्हटलं, कठडा राहू द्या, पोरगी रडतेय तिकडे. संध्याकाळी दीपाचा मेसेज आला की बाबांचं ओके आलं. पुढे नाचणाऱ्या बाहुल्या होत्या.

सकाळी काका आमच्या पायरीवर येऊन बसले. चेहरा उतरलेला, दाढीही केली नव्हती.

"खोटा लिवलंय मी," ते म्हणाले. "आता बघूक जावकच व्हया. पासपोर्ट खय काडतत?"

हा माणूस बसने बेळगावच्या पुढे कधी गेला नव्हता. पेडण्यात मोपाला विमानतळ झाला तेव्हा आमच्याबरोबर तो बघायलाही आला नव्हता. पण लिहिलेलं ओके खरं करायचं म्हणून पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, लोकरीची टोपी झाली. आम्ही मोपाला सोडायला गेलो तेव्हा काकांनी सामानाची ट्रॉली उलटी करून चाकं फिरवली आणि दांड्यावर ओके लिहिलं. मग विमानाकडे काचेतून इतका वेळ बघत राहिले की मला त्यांच्या खिशातला खडू काढून घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी दीपाचा फोन आला. मी आधी घराचंच विचारलं. कठडा हलवून झाला का, मिळालं का एकदाचं ओके?

ती हसत होती की रडत होती, मला कळेना. म्हणाली, विमानतळावर बाबांनी बॅगा खाली ठेवल्या आणि माझ्याभोवती एक फेरी मारली, ट्रकभोवती मारायचे तशी. माझे दंड चाचपले. डोळ्यांखाली काळं झालंय ते बोटाने पुसून बघितलं. मग तिथेच सगळ्या लोकांत बाकावर बसले आणि रडले.

"आणि काय म्हणाले?"

"ओके म्हणाले, वैनी."

तेव्हा घराकडे अजून जायचंच होतं.