सावंतमामांचं फुटकं भविष्य

आमच्या रसायनशास्त्र विभागात मुलांचं भविष्य गुणपत्रिकेवरून ठरत नाही, त्यांनी प्रयोगशाळेत काय फोडलं यावरून ठरतं. हा शोध आमचे प्रयोगशाळा सहायक सावंतमामांचा. ब्युरेट फोडणारा परदेशी जातो, बीकर फोडणारा बँकेत, आणि तीन वर्षांत काहीच न फोडणारा प्राध्यापक होतो. "तुमच्यासारखो," असं ते मला सांगतात. हे कौतुक की अपमान, ते मी अजून विचारलेलं नाही.

यंदा पदवीदान समारंभात विभागप्रमुख बाईंना एक कल्पना सुचली. प्रमाणपत्र घेतलं की प्रत्येकानं माइकवर पुढचा बेत सांगायचा. प्रमाणपत्रं हातात द्यायला मामा शेजारीच उभे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आवाज त्यांच्या मते अगदी हळू. माइकचं मत वेगळं होतं.

"मी कॅन्सरवर संशोधन करणार," पहिला म्हणाला.

"आधी पिपेट धुवूक शिक," सभागृहभर घुमलं.

"मी यूपीएससी देणार."

"दी गो. पण परीक्षा सकाळची असता, तू उठतलंस कधी?"

"मी एक वर्ष ब्रेक घेणार."

"मग तीन वर्षां काय केलंस?"

पालक पोट धरून हसत होते. बाई मामांना डोळ्यांनी जाळत होत्या. मामा त्यांच्याकडे बघून अदबीनं मान हलवत होते.

मग तन्वी आली. वरळी कोळीवाड्यातली, वर्गात दुसरी. तिच्या घरचं कुणीच आलं नव्हतं. म्हणाली, "पुढचं ठरलं नाही अजून. आईचा हात मोडलाय, सध्या तिच्या जागी मासळी विकायला बसणार."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

मामांनी माइक स्वतःकडे ओढला. "कोण हसलो? उभो ऱ्हव."

कुणी उभं राहिलं नाही.

"ही पोरगी पहाटे मासळीबाजार करून नवाच्या प्रॅक्टिकलाक पावणेनवाक हजर. तीन वर्षां! वाजवा टाळ्या."

वाजल्या. बाईंनीही वाजवल्या.

समारंभ संपल्यावर तन्वीनं मामांना फाटकाशी गाठलं. "मामा, घरी चला जेवायला. मावशीनं सुरमई केलीय. आई फोनवर म्हणाली, त्यांना घेतल्याशिवाय येऊ नकोस."

"नको गो. घराक वाट बघतत."

मामी जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. लालबागच्या त्या खोलीत वाट बघणारं कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. "कोण वाट बघतंय, मामा?" मी विचारलंच.

ते रागानं माझ्याकडे बघत राहिले. तन्वीनं तोच होकार धरला आणि टॅक्सी थांबवायला ती रस्त्यावर धावली.

मामा माझ्याजवळ सरकले. शर्टाची कॉलर सारखी केली, इकडेतिकडे पाहिलं.

"सर, कोणाकडे जेवूक जाताना हल्ली काय नेतत हो? ता सगळा आमची ही बघी."