भुताचं मागणीपत्र

साळवे काका भुताला 'अहो' म्हणतात. नुसतं म्हणत नाहीत, त्याला बसायला खुर्चीही देतात. ज्याच्या अंगात आलं असेल त्याला आधी जमिनीवरून उठवतात, खुर्चीत बसवतात, बाई असेल तर केस बांधायला रबर देतात, पाणी पाजतात, आणि मग समोर स्टूल ओढून विचारतात, "हां, बोला. मागणी काय आहे आपली?"

काका आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहतात. वय बहात्तर. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते आणि नोकरीची निम्मी वर्षं युनियनचे प्रतिनिधी. घरात बुद्धाची मूर्ती, एक रेडिओ, दोन कपाटं भरून पुस्तकं. देव, भूत, नवस, गंडा यातलं काहीही ते मानत नाहीत, आणि हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. तरीही नाशिकच्या निम्म्या उपनगरांतून, झालंच तर पिंपळगाव बसवंतपासून, भूत उतरवायला लोक त्यांनाच बोलावतात.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. टाकी धुण्याच्या तारखा, पंपाची दुरुस्ती, कुणाच्या गॅलरीतून कुणाच्या गॅलरीत पाणी गळतं, हे सगळं माझ्या वहीत असतं. एके दिवशी काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर सुवाच्य आहे. एका वाटाघाटीला इतिवृत्त लिहायला याल का?" मला वाटलं, पार्किंगचा वाद असेल.

त्यांची पद्धत मला त्या दिवशी कळली. भूत काय बोलतं ते सगळं ऐकायचं, पण लिहायची फक्त मागणी. भूत म्हणालं, "एकेकाला रक्त ओकायला लावीन," तर काका शांतपणे म्हणतात, "ही धमकी झाली. ताई, हे लिहू नका. मागणी मांडा." भूत किंचाळलं तर, "घोषणा नंतर." भूत घुमायला लागलं तर घुमून होईपर्यंत चष्मा पुसतात. घरच्यांना ते व्यवस्थापन म्हणतात. व्यवस्थापनातल्या कुणी कडुनिंबाचा पाला, मिरचीची धुरी किंवा केरसुणी हातात घेतली, की काका उठून चप्पल घालायला लागतात. "मारहाण सुरू झाली की चर्चा संपली," असं म्हणतात, आणि खरोखर निघतात. मग घरचेच त्यांना जिन्यातून परत आणतात.

ते या कामात पडले कसे, तर अपघाताने. पिंपळगावला त्यांचा एक जुना सहकारी राहतो. त्याच्या भावजयीच्या अंगात आलं, भगताला बोलावणं गेलं आणि भगताची जीप हायवेवर कांद्याच्या टेम्पोंच्या रांगेत अडकली. काका तिथे जेवायला म्हणून गेले होते. समोर एक माणूस ओरडतो आहे आणि चारजण त्याला गप्प करताहेत, हे दृश्य पाहिल्यावर त्यांना राहवलं नाही. भगत पोचला तेव्हा भावजय सगळ्यांबरोबर पंगतीत बसून जेवत होती. तिच्यातल्या भुताची तेवढीच मागणी होती: सर्वांत शेवटी, उरलंसुरलं, एकटीनं जेवणार नाही.

एका निवृत्त शिपायाच्या अंगातल्या पिशाच्चाला टीव्ही हळू लावून हवा होता. ते दहा मिनिटांत मिटलं. सातपूरच्या एका मुंजाने मात्र चार फेऱ्या घेतल्या, कारण त्याला दहावीनंतर कॉमर्सला जायचं होतं आणि वडील सायन्सवर अडून बसले होते.

"काका, भूत मानत नाही म्हणता, मग बोलता कुणाशी?" असं मी एकदा विचारलं.

"ज्याची मागणी आहे त्याच्याशी," ते म्हणाले. "आमच्याकडे कामगार एकटा साहेबापुढे गेला की त्याची जीभ जड व्हायची. युनियनच्या नावानं गेला की तोच माणूस टेबलावर हात आपटायचा. ही बाई भुताच्या नावानं आली आहे. एवढंच."

आता ज्योतीचं सांगते.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहेर राहतात. मंगलताई, त्यांचा मुलगा प्रशांत आणि सून ज्योती. ज्योती सटाण्याकडच्या एका खेड्यातली. लग्नाला दोन वर्षं झालेली. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं, हे आम्हाला जिन्यातल्या बोलण्यातून कळलं. आठव्या दिवशी ती गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसली. त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या अंगात यायला लागलं. दर गुरुवारी, दुपारी, भांडी घासताना. आवाज म्हातारीचा, बोलणं अहिराणी.

मंगलताईंनी सिन्नरच्या पुढचा एक भगत ठरवला. अमावस्येला जीप सांगितली. तो भगत साखळीने मारतो, हे त्यांना ठाऊक होतं. "आतलं मारल्याशिवाय निघत नाही हो," असं त्या मलाच समजावून सांगत होत्या. अमावस्या शनिवारी होती आणि हे बोलणं बुधवारी.

मी काकांना म्हटलं, "सरळ पोलिसांत जाऊ. कायदा आहे."

"जाऊ," काका म्हणाले. "जीप फाटकाबाहेर पडली तर त्याच क्षणी तुम्ही फोन करा, मी आडवा उभा राहतो. पण पोलीस गेल्यावर ती पोरगी त्याच स्वयंपाकघरात राहणार ना? उद्या गुरुवार आहे. आधी एकदा बसू."

गुरुवारी दुपारी आम्ही आहेरांकडे गेलो. प्रशांतने रजा घेतली होती. मालेगावला माझी सात वर्षं नोकरी झाली, त्यामुळे अहिराणी मला समजते. म्हणून मी लिहिणारी आणि दुभाषी, अशी दोन्ही कामं माझ्याकडे. वहीत 'उपस्थित' असं लिहून चार नावं लिहिली आणि पाचव्या ठिकाणी अडले. काकांना विचारलं. ते म्हणाले, "अंगात आलेली व्यक्ती. कंसात, नाव सांगितले नाही."

ज्योती स्वयंपाकघरात फरशीवर बसून घुमत होती. काकांनी तिला खुर्चीत बसवलं. रबर दिला, पाणी दिलं.

"कोण आपण?"

"मी आठून हालाव नही!" आवाज खरंच म्हातारीचा होता. "एकेकले खाई टाकसू!"

मी अर्थ सांगितला: इथून हलणार नाही, एकेकाला खाऊन टाकीन.

"ही धमकी," काका म्हणाले. "मागणी मांडा."

"हिच्या तोंडाला लागू नका, काका," मंगलताई म्हणाल्या. "ही गावाकडच्या विहिरीतली म्हातारी आहे. तिला नारळ देऊ, कोंबडं देऊ, जाईल."

"तिनं मागितलंय का कोंबडं?"

"नाही."

"मग व्यवस्थापनानं आपल्या मनानं बोनस जाहीर करू नये."

प्रशांतला हसू आलं. आईने त्याच्याकडे पाहिल्यावर गेलं.

पुढची दहा मिनिटं धमक्याच चालल्या. मी पेन टेकवून बसले होते. मग खुर्चीतला आवाज एकदम खाली आला. "माले मनी मायकडे जानं शे. एक महिना."

"आईकडे जायचंय, एक महिना," मी म्हटलं आणि लिहिलं. मागणी क्रमांक एक.

"विहिरीतल्या म्हातारीची आई अजून जिवंत आहे का?" मंगलताईंनी विचारलं. प्रश्न तसा बिनतोड होता. काकांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

दुसरी मागणी अशी, की तिच्या बोलण्याला कुणी गावंढळ म्हणायचं नाही. ही प्रशांतने लगेच मान्य केली. पहिलीवर मात्र घोडं अडलं. मंगलताई म्हणाल्या, आठ दिवस. भूत म्हणालं, एक महिना. मंगलताई म्हणाल्या, घरचं कोण करणार? भूत म्हणालं, प्रशांतले हात नहीत का? यावर बरीच आरडाओरड झाली. ती मी लिहिली नाही.

काका म्हणाले, "चहासाठी तहकूब."

चहा कोण करणार, हा प्रश्न आला. ज्योती सवयीने उठायला लागली. काकांनी हाताने बसवलं. "वाटाघाटीला बसलेला पक्ष चहा करत नाही."

मंगलताई आत गेल्या. जाता जाता मला हळूच म्हणाल्या, "अहो, भुताला चहा द्यायचा असतो का?"

"बसलेल्या प्रत्येकाला द्यायचा असतो," मी म्हटलं. मला तरी कुठे ठाऊक होतं.

ज्योतीने तो चहा खुर्चीत बसून, गरम असताना, दोन्ही हातांनी कप धरून प्यायला. सासूनं हातात दिलेला कप ती थोडा वेळ बघत होती. चहानंतर मंगलताई एकवीस दिवसांवर आल्या. भूत तयार झालं. माझा सल्ला म्हणून एक कलम मी घातलं: परत आल्यावर डॉक्टरीण बाईंना दाखवायचं आणि त्यांनी सांगितलं तर मनाच्या डॉक्टरांनाही. ते दोन्ही पक्षांना मान्य झालं.

"आणखी काही?" काकांनी विचारलं.

ज्योतीने हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"तिच्याविषयी घरात कुणी बोलत नाही," ज्योती म्हणाली. आवाज आता तिचाच होता, बोलणंही आमच्यासारखं. "मुलगी होती. दवाखान्यातून आल्यापासून कुणी शब्द काढला नाही. जसं काही झालंच नाही."

"काय बोलायचं गं?" मंगलताई म्हणाल्या. "तुलाच त्रास नको म्हणून गप्प बसलो. नावसुद्धा नव्हतं ठेवलेलं."

"मी ठेवलं होतं. सई."

प्रशांत खाली मान घालून बसला. मंगलताई उठून आत गेल्या. डबे सरकवल्याचा आवाज येत राहिला. आता कोंबडं निघतं की केरसुणी, या विचाराने मी पेनचं टोपण लावलं. शनिवारची जीप अजून रद्द झालेली नव्हती.

त्या दारात आल्या. हातात मोकळा डबा होता.

"सईची आई," त्या म्हणाल्या, "उद्याच्या गाडीत काय देऊ बरोबर? मेथीची धपाटी चालतील?"

ज्योती रडायला लागली. घुमली वगैरे काही नाही, साधी रडली. प्रशांतने गॅलरीत जाऊन जीपवाल्याला फोन लावला.

मी इतिवृत्त वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. "भुताची सही?" मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "ज्योतीची पुरेल." आणि भूत गेलं की नाही, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी ज्योती सटाण्याच्या एसटीत बसली. त्या दिवशी दुपारी इतिवृत्ताची प्रत द्यायला मी काकांकडे गेले. त्यांनी ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली. मी निघणार इतक्यात म्हणाले, "बसा ना थोडं."

त्यांच्या पत्नी मी इथे राहायला येण्याआधीच गेल्या. त्यांच्याबद्दल काका कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"आमच्या शांतालाही एकदा आलं होतं अंगात. क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा. मी युनियनचा पुढारी, गावोगाव भाषणं देणारा. अंधश्रद्धा सोडा, शिका. आणि माझ्याच घरात हे. शेजारीपाजारी जमलेले. मी दारातून ओरडलो, 'ढोंग बंद कर.'"

"मग?"

"बंद केलं. त्याच मिनिटाला. उठून पदर नीट केला, चुलीकडे गेली. नंतर चोवीस वर्षं संसार केला आम्ही. भांडण नाही, तंटा नाही. मला लोक म्हणायचे, नशीबवान आहात. तिनं पुन्हा कधी काही मागितलंच नाही हो. साडी आणली तर छान आहे म्हणायची. नाही आणली तरी काही नाही."

त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. इतिवृत्ताची पाठची बाजू कोरी होती, ती वर केली.

"ताई, तुम्हाला सुचतं म्हणून विचारतो. काय मागणी असेल तिची? अंदाजे."

मी काय सांगणार? पण ते पेन घेऊन थांबले होते. मी म्हटलं, "माहेरी जायचं असेल. एकटीनं, मुलांशिवाय."

त्यांनी लिहिलं. "असेल."

"दुपारी तासभर झोप. कुणी न उठवता."

"हेही असेल. मुलं लहान होती." लिहिलं.

"तुमच्या भाषणाला यायचं असेल. नाहीतर तुम्ही भाषणाला जाऊ नये, असं असेल."

यावर ते जरा हसले. दोन्ही लिहिलं, एकाखाली एक.

"शिकायचं असेल पुढे."

"सातवी झाली होती. हुशार होती," ते म्हणाले, आणि लिहिलं.

मग मी न ठरवता बोलून गेले, "किंवा काहीच नको असेल, काका. तुम्ही समोर स्टूल घेऊन बसावं आणि काय गं, काय झालं, एवढं विचारावं."

हे त्यांनी लिहिलं नाही. पेनला टोपण लावलं.

"ते माहीत आहे," साळवे काका म्हणाले. "दुसरं काही सांगा."