तेल परत आणून ठेवणारा चोर

माणूस ओळखायला मी कधीच चुकत नाही! तुळजापुरात पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय. गाडी दारात लागायच्या आत मी सांगतो, आवाज कुठून येतोय आणि मालक किती थापा मारणार आहे. म्हणूनच रसूलभाईंनी तामलवाडीजवळच्या तलावावर लोकांना फेरी मारायला गोव्याहून जुनी स्पीडबोट आणली, तेव्हा इंजिनाचं काम माझ्याकडंच आलं. आठ सिलिंडरचं इंजिन! चार ट्रॅक्टर एकदम बोंबलावेत तसा आवाज! मी वरचं झाकण उघडलं, व्हॉल्व्ह नीट बसवले, झाकण लावलं आणि म्हणालो, "रसूलभाई, आता पाच वर्षं बघायचं काम नाही!"

पाचव्या दिवशी फोन आला. "मिस्त्री, बोट जरा पळाली की वरून टकटक वाजायलीय!"

टकटक म्हणजे व्हॉल्व्हला तेल मिळत नाही. गेलो, तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. कोरडीठाक! खाली गळती नाही, पाण्यावर तवंग नाही. मग अख्खं तेल गेलं कुठं? मान वर केली तर समोर बोटीचा ड्रायव्हर उभा. मल्लेश, माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. ही नोकरी त्याला मीच लावून दिलेली. मला बघून तो हसला. इंजिन बिघडल्यावर सरळ माणूस हसेल कशाला? मला तिथंच शंका आली.

मी तेल भरून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढतो तर काय, तेल खुणेच्याही वर दोन बोटं! म्हणजे चोरानं आदल्या दिवशी नेलेलं तेल परत आणून ओतलं होतं!

"मल्लेश, दिवसा तेल नेतोस आन् मागून आणून ठेवतोस व्हय?"

"दाजी, म्या असं कशाला करू?"

"तेच तर मला कळंना!"

"तुळजापूरच्या आईची आण! म्या झाकणाला हात बी लावला न्हाय!"

आण लगेच घेतली! जरा विचारसुद्धा केला नाही! माझा संशय पक्का झाला.

मी तेल ओतायच्या तोंडाला कुलूप घातलं आणि चावी करदोट्याला बांधली. संध्याकाळी पट्टी कोरडी. सकाळी पुन्हा भरलेली. कुलूप जागच्या जागी! म्हणजे चावी कुणीतरी काढून दिली असणार. आणि माझ्या करदोट्यापर्यंत हात पोचेल असं माणूस जगात एकच. उमा, माझी बायको! भावाला बहीण सामील!

जेवताना मी आमटीचा तवंग हुंगून पाहिला.

"काय हुंगायलाव?" उमानं विचारलं.

"तेल कुठलं हाय हे?"

"करडीचं."

"पावती दाव!"

त्या दिवसापासून मला आमटी मिळणं बंद झालं. कोरडी भाकरी, तीही लांबून सरकवलेली.

त्यातच मल्लेशचं लग्न जमत आलेलं. मुलगी सास्तूरची. मुलगा स्पीडबोट चालवतो, एवढ्या एका गोष्टीवर गाडी होकारापर्यंत आली होती. रविवारी मुलीचे वडील शरणबसप्पा बोट बघायला येणार होते. उमानं मला बजावलं, "रविवारी तुमी तोंड उघडायचं न्हाय!" पण एका पोरीच्या जन्माचा प्रश्न! मी गप्प कसा बसणार?

रविवारी मल्लेशनं होणाऱ्या सासऱ्याला मोठी फेरी मारून आणली. बोट टकटकत, निळा धूर सोडत काठाला लागली. मी धावत जाऊन पट्टी काढली. कोरडी!

"रसूलभाई," मी ओरडलो, "तेलाचा चोर तुमच्याच बोटीवर बसलाय!"

रसूलभाई गंभीर झाले. "मल्लेश, असं असंल तर बोटीची चावी ठीव इथं."

मल्लेशनं चावी काठावरच्या फळीवर ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उमा माझ्याकडं अशी बघत होती की मला तलावात उडी मारणं बरं वाटलं.

"जरा थांबा," शरणबसप्पा म्हणाले. "पोरगं आमच्या समूर बसलं व्हतं. तेल काढलं कवा? आमच्या हिरीवरच्या इंजनात एकदा तेल वरच तुंबलं व्हतं. वरचं झाकण काढून बगा की."

"काका, ही स्पीडबोट हाय! हिरीवरचं इंजन न्हाय!" असं म्हणत मी ऐटीत झाकण सोडलं.

भळकन तेल आलं! अर्धं माझ्या पोटावर, अर्धं शरणबसप्पांच्या पांढऱ्या धोतरावर! आणि तेल खाली उतरायच्या भोकात एक चिंधी अडकलेली दिसली. आता, काम करताना नट आत पडू नये म्हणून भोकात चिंधी कोंबायची आम्हा मिस्त्री लोकांची रीत आहे. काम झालं की ती काढायचीही रीत आहे. इंजिन जोरात फिरलं की तेल वर जाऊन तुंबायचं, खाली ठणठणाट. बोट उभी राहिली की थेंब थेंब झिरपून तेल पुन्हा खाली!

"बघा! मल्लेशनं चिंधी कोंबली!" मी तरीही ओरडलो.

रसूलभाईंनी चिंधी पिळून उलगडली. शर्टाचा खिसा होता. त्यावर लाल दोऱ्यानं भरलेलं माझंच नाव, 'विरेश मिस्त्री, तुळजापूर'.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मल्लेश, चुकलं माझं," मी म्हणालो. खरंच लाज वाटली हो! पोराचा संसार मी मांडायच्या आत मोडायला निघालो होतो.

शरणबसप्पा धोतर पिळत म्हणाले, "पोरगं पसंत हाय. एवढं बोलणं खाल्लं, पर दाजीला उलट बोललं न्हाय. फकस्त वरातीच्या जीपला दाजींचा हात लागू दिऊ नका!"

रसूलभाईंनी चावी मल्लेशला परत दिली आणि वर एक हुकूम सोडला. यापुढं मी इंजिन उघडलं की मल्लेशनं शेजारी उभं राहायचं, चिंध्या मोजून आत सोडायच्या आणि मोजून बाहेर घ्यायच्या. सख्ख्या दाजीवर पहारा! इतका संशय बरा नव्हे, असं मी उमाला म्हणालो, तर ती नुसतीच हसली.

काल सर्व्हिसिंगला गेलो होतो. चिंध्या आत सोडताना मल्लेशनं खडूनं फळीवर लिहिलं, 'चार'. काम झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, मोजा."

मी ताठ मानेनं मोजल्या. पाच निघाल्या!