हिरव्या डब्याचं गाऱ्हाणं

"निळ्या डब्यात काय टाकायचं, हौसाबाई?"

हौसाच्या हातातला आंबा अर्धा सोललेला होता. तो तसाच धरून तिनं छपराकडे पाहिलं, मग शेजारच्या गोदाकडे आणि शेवटी दमयंतीकडे.

"निळा म्हंजे तो आबाळाच्या रंगाचा?"

"हो, तोच."

"तेच्यात मी प्यायाचा पानी भरून ठेवलाय ताय. नवाकोरा डबा, झाकनबिकन हाय. तेच्यात कचरा कोन टाकल?"

दमयंतीनं डोळे मिटले. हिरवा, निळा, लाल असे तीन डबे आणि त्यांचे तीन अर्थ ती गेला पंधरवडा शिकवत होती. हिरव्यात आंब्याची साल आणि बाठे, निळ्यात प्लास्टिक, लाल डब्यात प्रयोगशाळेच्या आणि यंत्रं धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या बाटल्या. तक्ते लावून झाले, रत्नागिरीहून भाड्यानं प्रोजेक्टर आणून झाला. प्रोजेक्टरसाठी शेडमध्ये अंधार केला, तेव्हा उन्हातान्हातून चालत आलेल्या बायकांना इतकी गाढ झोप लागली की पंख्याच्या आवाजात त्यांच्या घोरण्याचा सूर मिसळून गेला आणि पडद्यावरची पृथ्वी एकटीच फिरत राहिली.

पावस गावाच्या अलीकडं, काजूच्या झाडांत, एका पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठी दडलेला राजाभाऊंचा हा आमरसाचा कारखाना. वर्षातले दोनअडीच महिने त्याला जाग यायची, बाकीचे दिवस तो जांभ्या दगडावर डोकं ठेवून पडलेला असायचा. पण त्या साली, म्हणजे दोन हजार तीनच्या एप्रिल महिन्यात, हॉलंडच्या गिऱ्हाइकानं कळवलं होतं की यापुढं पर्यावरणाचं प्रमाणपत्र असेल त्याचाच रस घेऊ. तपासायला पुण्याहून साहेब येणार होते. आणि ते म्हणे कागद कमी बघत, माणसं जास्त. कुणालाही मध्येच उभं करून काहीही विचारत.

"हे बघ दमयंती," राजाभाऊ म्हणाले होते, "प्रमाणपत्र आलं की तुझी कायमची ऑर्डर काढतो. नाही आलं तर..." खिडकीतून मुंबईच्या रस्त्याकडे त्यांनी पाहिलं होतं.

दमयंती प्रयोगशाळेत टेम्पररी होती, जूनमध्ये हंगाम संपेपर्यंत. डोंबिवलीच्या मामानं तिच्यासाठी कुरिअरच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता आणि आईनं माळ्यावरची बॅग उतरवून उन्हात घातली होती. ती बॅग अंगणात दिसली की दमयंती मागच्या दारानं घरात शिरे. संध्याकाळी खाडीवरून येणारा खारा वारा, आंब्याच्या अढीचा तो झोप आणणारा वास, पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी हाक मारणारी माणसं, हे सारं बॅगेत कसं भरायचं, ते तिला कळत नव्हतं.

"ताय, वायच दमानं घ्या," गोदा म्हणाली. "आमच्या डोक्यात ह्या काय ऱ्हात नाय."

पण डोक्यात राहतं, हे दमयंतीला अवसेच्या दिवशी कळलं. दर अवसेला बॉयलरपुढं नारळ फुटायचा. बॉयलर सांभाळणारा गंगाराम गावच्या देवळातही गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलायचा. त्यानं हात जोडले, मान किंचित तिरकी केली आणि समुद्राच्या गाजेसारखा खर्ज लावला, "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," पन्नास-साठ बायकांनी एका दमात होकार भरला.

तीन डबे न आठवणारी हौसा त्या लांबलचक गाऱ्हाण्यात कुठं थांबायचं, कुठं मान लववायची, कुठं आवाज चढवायचा, सगळं अचूक जाणत होती. दमयंती खांबाला टेकून ऐकत राहिली. प्रसाद वाटून झाला तशी ती गंगारामच्या मागे बॉयलरपाशी गेली.

"गंगारामकाका, डब्यांचं गाऱ्हाणं घालता येईल?"

गंगारामनं तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनं माशाच्या कालवणात साखर घालायला सांगितली.

"देवाला डब्याचा काय करायचा, बाय?"

"देवाला नाही हो. मला करायचंय. नाहीतर मी चालले डोंबिवलीला."

गंगारामनं लाकूड पुढं सारलं, ज्वाळेकडं बघितलं. "डोंबिवलीला नको जाव. तकडं चांगलं मासं मिळत नाय," तो म्हणाला, आणि गाऱ्हाणं ठरलं.

मग रोज दुपारच्या सुट्टीत सराव सुरू झाला. "आंब्याची साल नि बाठा हिरव्या डब्यात पडू दे, पऱ्यात जाव नको दे, रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "नळ सोडून जी गजाली करत बसल, तिचा हात नळाकडं वळव." "व्हय म्हाराजा." "सोडा सांडला तर वाळूची याद दे, पानी वतनाऱ्याला आडव." "व्हय म्हाराजा." "कामाबिगर जळनारा दिवा इझव." आणि शेवटी एकच ओळ, "चुकलामाकला माफ कर." चौथ्या दिवशी हौसा निळ्या डब्यातलं पाणी स्वतःहून ओतून आली. दमयंतीला त्या रात्री शांत झोप लागली.

पुण्याचे साहेब आले ते मंगळवारी. उन्मेष दामले नाव. सडसडीत, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे. त्यांनी डबे पाहिले, मान हलवली. खताचा खड्डा पाहिला, मान हलवली. राजाभाऊ त्यांच्यामागून घाम पुसत चालले होते आणि राजाभाऊंच्या मागून दमयंती. साहेब सोलाईच्या टेबलापाशी थांबले.

"बाई, नाव काय तुमचं?"

"हौसा."

"खाली सोडा सांडला तर काय कराल?"

हौसानं सुरी खाली ठेवली. ओठ हलले. पुन्हा हलले. तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

"तां मधलां हाय," ती अखेर म्हणाली.

"मधलं म्हणजे?"

"मधूनच नाय येत सायब. पयल्यापासना येतां."

"बरं, पहिल्यापासून सांगा."

"पयला माजा नाय. पयला गंगारामभावजींचा."

साहेबांनी चष्म्यावरून दमयंतीकडं पाहिलं. तिनं शिकवताना सारं पाहिलं होतं. नुसतं हे पाहिलं नव्हतं की माळेतला एक मणी मागितला तर माळच हातात घ्यावी लागते.

"बोलवा मग गंगारामना," साहेब शांतपणे म्हणाले.

गंगाराम बॉयलर हाताखालच्या रामाच्या हवाली करून, हातपाय धुऊन, खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळून आला. त्याला पाहताच चारी टेबलांवरच्या बायकांनी हातातले आंबे खाली ठेवले. पट्ट्यावरून आंबे येतच होते. कुणी उचलेना तसे ते टोकाला जाऊन एकेक करून टोपलीबाहेर पडू लागले, धप्, धप्.

"अहो, काम थांबवू नका," राजाभाऊ कुजबुजले.

"भाऊ, गाऱ्हान्यात मधी बोलू नये," हौसा तितक्याच हळू म्हणाली, आणि राजाभाऊंचे हात आपसूक जोडले गेले.

"बा देवा म्हाराजा," गंगारामनं सुरू केलं. हिरवा डबा आला, निळा आला, लाल आला. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नळाची ओळ आली तशी धुलाईच्या बायकांनी होकार भरता भरता हात लांबवून नळ बंद केले. साहेबांनी काहीतरी टिपलं. सोड्याची नि वाळूची ओळ आली, तीही त्यांनी टिपली. एवढ्यात दिव्याची ओळ आली. दाराशी उभ्या असलेल्या चिमाला वाटलं, नळांचं झालं तसं आता दिव्यांचंही करायचं. तिनं भक्तिभावानं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

दिवे गेले. पंखे गेले. पट्टा थांबला, रस काढायचं यंत्र घरघरत निजलं. शेडमध्ये अंधारलेली, गोड वासाची, जड शांतता पसरली. कौलांच्या फटींतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या, त्यांतली एक नेमकी राजाभाऊंच्या उघड्या तोंडावर पडली होती.

आता एकच ओळ, दमयंतीनं मनात म्हटलं. चुकलामाकला माफ कर, की सुटलो.

गंगारामनं डोळे मिटले. आवाज आणखी खाली उतरवला.

"आनी म्हाराजा, चुकलामाकला सांगतंय, त्यो आयक. गेल्या साली सांडपान्याची टाकी भरली तवा भाऊंनी तिन्हीसांजेला सोड्याचा पानी पऱ्यात सोडलान. पऱ्यातलं मासं उलटं तरंगलं. त्यो माफ कर नि पुन्यांदा करायची बुदी देव नको."

"व्हय म्हाराजा," साठ जणी म्हणाल्या.

राजाभाऊंच्या तोंडावरची उन्हाची काडी थरथरली. दमयंतीनं पुढं होऊन गंगारामच्या पंच्याचं टोक ओढलं. गंगारामनं डोळे न उघडता ते सोडवून घेतलं.

"लाकडा वली व्हती तवा ह्या गंगारामान बॉयलरात प्लास्टिकचा क्रेट घातलान. धूर गोदाच्या घरावर ग्येला. त्यो माफ कर."

"व्हय म्हाराजा," म्हणताना गोदाचा आवाज जरा वर चढला.

"तायनी लाल डब्याचा झाकन उघडना म्हनून आशिडाची बाटली हिरव्यात टाकलान. तिचा वय ल्हान हाय, सांबाळून घे."

"व्हय म्हाराजा."

अंधारात फक्त साहेबांच्या पेनाची कुरकुर ऐकू येत होती. ते एका पानावरून दुसऱ्यावर गेले. हौसा, गोदा, चिमा, कुणीच सुटलं नाही. सगळं संपलं, सगळ्यांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावले, चिमानं खटका वर केला आणि पंखे फिरू लागले.

"तो पऱ्या कुठंय?" साहेबांनी विचारलं आणि रामाला घेऊन ते बाहेर पडले.

दमयंती बॉयलरपाशी धावली. "काका, हे काय केलंत? सरावात एकच ओळ होती ना?"

"ती परॅक्टीस व्हती, बाय," गंगाराम समजूत घालत म्हणाला. "आज खरा व्हता. खऱ्या गाऱ्हान्यात देवापासना लपवून कसा चालल? मंग बाकीचा तरी त्यो कशाला आयकल?"

केबिनमध्ये राजाभाऊ उभेच होते. त्यांचा आवाज चिरका झाला होता, पण बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी तो दातांत धरला होता.

"जूनची वाट बघू नकोस. आजच हिशेब घे नि जा. हॉलंड गेलं, इज्जत गेली. अगो, दुसऱ्या कारखान्यांत लोक तोंडं बंद ठेवायला शिकवतात, तू साठ जणींना तालावर बोलायला शिकवलंस."

दमयंती प्रयोगशाळेत गेली. आपला डबा, छत्री आणि तुळशीचं छोटं रोप तिनं पिशवीत भरलं. रोप बाहेर काढलं, पुन्हा भरलं. डोंबिवलीत ते कुठल्या खिडकीत ठेवायचं, हा विचार मनात आला आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात साहेब आले आणि त्यांनी तिलाही केबिनमध्ये बोलावलं. बुटांना पऱ्याचा चिखल लागला होता. खुर्चीत बसून त्यांनी कोकमाचं सरबत सावकाश संपवलं. राजाभाऊ पेल्याकडं बघत राहिले.

"पऱ्यात पाणी सोडायचं बंद. महिन्यात दुसरी टाकी. क्रेट जाळायचे नाहीत," साहेब म्हणाले. "एवढं केलंत की प्रमाणपत्र मिळेल."

राजाभाऊंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी बारा वर्षं कारखाने तपासतोय. सगळीकडं माणसं मला पाठ केलेली उत्तरं देतात, आणि चुका माझ्या मलाच हुडकाव्या लागतात. इथं त्या न विचारता मिळाल्या, मालकासमोर. दर महिन्याला हे चालू ठेवायचं. तसं मी अहवालात लिहिणार आहे. मालकानं हजर राहायचं. जबाबदार व्यक्ती म्हणून या बाईंचं नाव घालतो."

"त्या टेम्पररी आहेत," राजाभाऊ घाईनं म्हणाले.

"टेम्पररी माणसाचं नाव चालत नाही." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि त्या सोडून गेल्या तर मला कळवा. मी परत येईन. सगळं पहिल्यापासून ऐकेन."

साहेबांची गाडी काजूच्या झाडांआड गेली, तिचा धुरळा खाली बसला. मग राजाभाऊंनी ड्रॉवर उघडला, कंपनीच्या शिक्क्याचा कागद काढला आणि तीन ओळींत दमयंतीला कायम करून टाकलं. सहीपाशी हात थांबला.

"पुढच्या अवसेला मी उभं कुठं राहायचं गो?"

"पुढं, भाऊ. गंगारामकाकांच्या शेजारी."

"काय म्हणणार ते आधी सांगेल का तो मला?"

"नाही सांगणार. त्यांना ते उभं राहिल्यावरच सुचतं."

राजाभाऊंनी सही केली. कागद तिच्याकडं सरकवला, पण बोटं त्यावरून उचलली नाहीत. दाराकडं एकदा पाहून ते पुढं वाकले.

"गंगाराम तंबाखू कुठली खातो? बरी पाठवली असती त्याच्याकडं, पुडाभर."

दमयंतीनं त्यांच्या बोटांखालून कागद हळूच ओढून घेतला.

"पाठवा ना. पण भाऊ, तेही ते गाऱ्हाण्यात सांगतील."