टेकाडावरची हजेरी

मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाताना डाव्या हाताला आमचं विद्यापीठ लागतं. या विद्यापीठाने ‘परिसरव्यापी तंत्रज्ञान वापर आराखडा’ एकमताने मंजूर केला, तेव्हा तो कुणीही वाचलेला नव्हता. ही बाब मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे जो तो आराखडा आपणच लिहिला म्हणून सांगत सुटला. पहिला टप्पा अगदी साधा होता. हजेरी यापुढे कागदावर नाही, मोबाईलच्या ॲपवर. विद्यार्थ्याने परिसरात उभं राहून ॲपला चेहरा दाखवायचा, की तो हजर.

अडचण एकच, आणि ती विद्यापीठाइतकीच जुनी. आमच्याकडे मोबाईलला रेंज मिळते ती फक्त टेकाडावर. टेकाड म्हणजे इमारतींच्या मागचा मुरमाचा उंचवटा. त्यावर जब्बारभाईंची चहाची टपरी आहे. वर्गात, ग्रंथालयात, कुलगुरूंच्या दालनात मोबाईलचा उपयोग वेळ बघण्यापुरता. कुलगुरूसुद्धा महत्त्वाचा फोन करायला टेकाडावर चढतात आणि त्याला फेरफटका म्हणतात.

आराखडा समितीचे अध्यक्ष डॉ. उदयसिंग आडे यांच्या कानावर हे घालण्यात आलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. आराखड्यात रेंज गृहीत धरलेली आहे, सबब ती आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला.

मग काय, पोरं टेकाडावर जमू लागली. तास सुरू होताना ॲप एकदा चेहरा मागायचं, संपताना पुन्हा मागायचं. मधल्या वेळात खाली वर्गात जाऊन परत वर कोण चढतो? जब्बारभाईंनी बाकं वाढवली, वर्ग ओस पडले.

वर्गात जायची ती एकटी सुकेशनी. आसेगावहून एसटीने यायची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. त्यांच्या घरातली ती पहिली पदवी होणार होती, म्हणून बापाने गावात आधीच सांगून ठेवलं होतं. आडे सर स्वतः तिला रसायनशास्त्र शिकवायचे. वर्गात सर आणि ती, दोघंच. ती आली नसती तर सरांनाही चहाला जाता आलं असतं, त्यामुळे तिच्या नियमितपणावर सर जरा नाराजच असायचे.

वर्ष संपलं आणि ॲपने न्याय केला. ज्यांना वर्गाचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे ठाऊक नव्हतं, त्यांची हजेरी भरघोस लागली. सुकेशनी संपूर्ण गैरहजर. पंचाहत्तर टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येत नाही, हा नियम तेवढा जुनाच ठेवलेला होता.

ती आडे सरांच्या खोलीत गेली. टेकाडावरून सकाळीच उतरवून आणलेली माहिती सरांनी टॅबलेटवर पाहिली.

“तू वर्षभर परिसरात आलेली नाहीस.”

“सर, मी तं आत्ता तुमच्यासमोर उभी आहो.”

“मला दिसून काय उपयोग? प्रणालीला दिसलं पाहिजे.”

“मंग तुमाले कोणी इचारलं तं काय सांगान? मी वर्गात होती का नव्हती?”

सरांनी टॅबलेट पालथा ठेवला. मग त्यांनी तिला तक्रार नोंदवायला सांगितलं. माणूस खोटं बोलला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणता येईल.

ॲपवरून तक्रार फक्त हजर विद्यार्थ्याला करता यायची; गैरहजरांची सोय कार्यालयातल्या संगणकावर, तारेच्या इंटरनेटने. त्यासाठी लागणारा ओटीपी मोबाईलवर, म्हणजे टेकाडावर. पोरगी वर पळायची, आकडे पाठ करून खाली पळायची, तोवर आकडे बाद झालेले असायचे. शेवटी जब्बारभाईंना राहवलं नाही. “बेटी, फोन माझ्यापाशी ठेव, मी इथून ओरडतो,” म्हणाले. ते ओरडले, तिने खिडकीतून ऐकलं, तक्रार नोंदली गेली. लगेच टेकाडावरच्या कुणीतरी गोपनीयतेचा भंग झाल्याची तक्रार केली. ती टेकाडावरूनच केलेली असल्यामुळे ताबडतोब मान्य झाली आणि सुकेशनीची रद्द झाली. घ्या आता!

समितीला मात्र यातून बोध झाला. विद्यार्थ्यांचा तंत्रज्ञानाकडील ओढा टेकाडावर एकवटला आहे, असं निरीक्षण नोंदवून तिथे डिजिटल भवन बांधायचं ठरलं. भवन म्हटलं की भूमिपूजन आलं. भूमिपूजन म्हटलं की पाहुणे आले, आणि पाहुण्यांची गाडी थेट मंडपापर्यंत गेली पाहिजे, ही आपल्याकडची रीत. गाडी टेकाडावर चढेना. तेव्हा जेसीबी बोलावून टेकाड सपाट केलं. टपरी उठवली, मंडप घातला, कुदळ मारली, शाल-श्रीफळ झालं. टेकाडासोबत रेंजही गेली, हे पाहुण्यांना फोटो पाठवता येईना तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून ॲपच्या हिशेबाने कुलगुरूंसकट अख्खं विद्यापीठ गैरहजर आहे. पण तक्रार एकही नाही, कारण ओटीपीच येत नाही. एवढ्या मोठ्या परिसरातून वर्षभरात एकही तक्रार उरलेली नाही, हे पाहून वरची मंडळी थक्क झाली आणि त्यांनी विद्यापीठाला तक्रारमुक्त डिजिटल परिसराचा पुरस्कार दिला. तो घ्यायला आडे सर गेले. नेमका त्याच दिवशी सुकेशनीचा पेपर होता. पेपर संपेपर्यंत ती परीक्षागृहाबाहेरच्या पायरीवर बसून होती. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

विद्यापीठाच्या हितचिंतकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. आजी-माजी विद्यार्थी, पालक, गावची प्रतिष्ठित मंडळी, तुम्ही, मी, सगळे त्यात आहोत. पुरस्काराचा फोटो पडला तसा फुलांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. आसेगावात रेंज चांगली आहे. त्या पावसातच तिथून सुकेशनीने लिहिलं, “मी वर्षभर वर्गात बसली, मले परीक्षेले बसू देल्लं नाही. कोणी काही करान का?”

हे कुणी पाहिलं नाही, असं म्हणायला जागा नाही. निळ्या खुणा सगळ्यांच्या आहेत. तिच्याही मेसेजखाली “हार्दिक अभिनंदन” पडलं, मग अंगठ्यामागून अंगठे. ग्रुप उघडा आणि जरा वर सरकवून बघा. त्यातला एक अंगठा तुमचा आहे.