दोन सभ्य डॉक्टर आणि एका सांबराचा देह

बाळांनो, बसा नीट मांडी घालून. एका जंगलात प्रगती फार झाली होती. इतकी, की प्रत्येक अवयवाला वेगळा डॉक्टर होता. अख्ख्या प्राण्याला तेवढा कोणी नव्हता.

तिथल्या बहिर्जी सांबराचं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर सुतारपक्ष्यांनी चोचीने छाती उघडली, झडप दुरुस्त केली, छाती शिवली. काम झकास. बहिर्जीची बायको सगुणा त्यांच्या पायाच पडली.

मग बहिर्जीच्या अंगात पाणी साठलं. सकाळी सुतारपक्षी आले.

"हृदयावर भार पडतोय. लघवीचं औषध वाढवा, पाणी तोडा."

सूज उतरली. हृदय खूश झालं. मूत्रपिंडं मात्र सुकली आणि रुसली.

संध्याकाळी मूत्रपिंडांचे डॉक्टर पाणमांजर आले.

"अरेरे! ते औषध बंद. सलाईन सोडा."

मूत्रपिंडं खुलली. बहिर्जीला मात्र पहाटे धाप लागली.

रोज हेच. सकाळी पिळायचा, संध्याकाळी भिजवायचा. बिचाऱ्याचं धुणं झालं. पण दोन्ही डॉक्टर आपापल्या अवयवावर समाधानी होते.

सगुणेने सुतारपक्ष्यांना गाठलं. "साहेब, तुम्ही दोघं एकदा बोलून का घेत नाही?"

"छे! दुसऱ्याच्या औषधाबद्दल बोलणं असभ्यपणा. आमच्यात ते गुपचूप बंद करायची पद्धत आहे."

आणि दोघांचं वैर होतं म्हणता? मुळीच नाही. रोज दुपारी जांभळीखाली एकत्र चहा घ्यायचे. हवापाणी, मुलांची लग्नं, नवं घरटं, सगळ्यावर बोलायचे. पेशंट सोडून.

एके दुपारी बहिर्जी डोळे उघडेना. सगुणा थेट जांभळीखाली धडकली.

"आज दोघांनी मिळून काय ते एक सांगा. माझा धनी चाललाय हो!"

दोघं ओशाळले. सभ्य होते ना!

सुतारपक्षी म्हणाले, "पाणमांजरसाहेबांचंच बरोबर. सलाईन द्या."

"छे छे, तुमच्यापुढे मी कोण?" पाणमांजर म्हणाले. "पाणी तोडा."

"असं कसं? मान तुमचा."

"मोठे तुम्ही."

सगुणा एकदा याच्या तोंडाकडे बघे, एकदा त्याच्या. सभ्यपणा इतका रंगला, की चहा निवून गेला. शेवटी ती तशीच नवऱ्याकडे पळाली आणि ऊर बडवत परत आली.

"अहो, त्यांचा श्वास थांबला!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"श्वास? तो आमच्याकडे येत नाही, बाई. फुप्फुसांचे डॉक्टर उद्या बसतात."

तात्पर्य: शहाण्याने हृदय आणि मूत्रपिंडं एकाच देहात बाळगू नयेत. बाळगलीच, तर निदान डॉक्टरांचा चहा होईपर्यंत मरू नये.